कुलर लागला की वाय-फाय जातं : घरचं नेट फोनवर वारंवार तुटत असेल तर

आमच्या घरचं नेट फक्त उन्हाळ्यात बिघडतं, एवढं कळायलाच आम्हाला दोन वर्षं लागली.

पहिल्या वर्षी एप्रिलात सुरू झालं. दुपारी जेवण झालं की आई माजघरात बाजेवर आडवी होते आणि फोनवर कीर्तन लावते. पाच मिनिटं झाली की हाक येते, "काऊन बंद पडलं रे हे? नुसतं गोल गोल फिरून रायलं." मी ओसरीत माझ्या फोनवर पाहतो तर सगळं झकास. तक्रार केली. कंपनीचा पोरगा आला, ओसरीत उभा राहून त्यानं स्पीड मोजला, "भाऊ, चाळीस एमबी येऊन रायले, आणखी काय पायजे?" म्हणाला आणि गेला. नंतर दोनदा आला. एकदा केबलचं टोकही नवं बसवून दिलं. जुलैत नेट आपोआप सुधारलं आणि आम्ही सगळं श्रेय त्या पोराला दिलं. पुढच्या वर्षी होळी झाली आणि पुन्हा तेच.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. घर आजोबांच्या वेळचं, दीड-दीड फुटाच्या मातीच्या भिंती, वर टिनं. फायबरची तार ओसरीतून आत येते म्हणून राउटरही तिथंच खुंटीला टांगलेला. होळी झाली की माळ्यावरचा कुलर खाली उतरतो आणि लोखंडी स्टँडवर माजघराच्या दारात उभा राहतो, तोंड आत करून. आता नकाशा डोळ्यांपुढं आणा : एका बाजूला राउटर, दुसऱ्या बाजूला आईची बाज आणि बरोबर मधे पत्र्याचं कपाटाएवढं खोकं, तिन्ही बाजूंनी ओलं गवत, तळाशी साठ लिटर पाणी. पत्रा वाय-फायच्या लहरी परतवून लावतो, पाणी त्या पिऊन टाकतं. मातीच्या जाड भिंतीतून फारसं काही आत जात नव्हतंच, जे काही जात होतं ते दारातून. त्या दारातच आम्ही कुलर नेऊन ठेवला होता. पाऊस लागला की कुलर परत माळ्यावर, आणि नेट "दुरुस्त".

तुमच्या घरी दोष कुलरचाच असेल असं नाही. पण तिथपर्यंत पोचायची वाट कामाची आहे, म्हणून ती सविस्तर लिहितो.

आधी "नेट गेलं" म्हणजे नेमकं काय गेलं ते पाहा. फोनच्या वरच्या पट्टीतलं वाय-फायचं चिन्हच गायब होत असेल, तर फोन आणि राउटर यांच्यातला धागा तुटतो आहे. चिन्ह आहे पण त्यावर उद्गारचिन्ह आहे किंवा खाली "नो इंटरनेट" लिहून येतं, तर फोन राउटरपर्यंत पोचतो आहे आणि अडचण पुढं आहे. चिन्ह पूर्ण आहे, सूचना काही नाही, तरी व्हिडिओ अडखळतो, हा तिसरा प्रकार. तो सगळ्यात चकवणारा.

त्या क्षणी करायच्या दोन गोष्टी. पहिली, घरातला दुसरा फोन घ्या आणि त्याच जागी उभं राहून तेच उघडा. दुसराही बंद असेल तर तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये तासभर बोटं घालू नका, दोष फोनचा नाही. इथं आमची मोठी चूक झाली होती. आईचा फोन माजघरात बंद पडायचा आणि मी माझा फोन ओसरीत तपासायचो. म्हणजे फोन वेगळा आणि जागाही वेगळी, अशा तपासणीतून काय कळणार? त्या कंपनीच्या पोरानंही तेच केलं.

दुसरी, फोनचा मोबाईल डेटा बंद करा, वाय-फाय चालू ठेवा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो, टाइप करताना इंग्रजी आकडे. तुमचा वेगळा असेल तर राउटरच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर सापडेल, किंवा फोनमध्ये त्या वाय-फायच्या तपशिलात "गेटवे" म्हणून दिसेल. लॉगिनचं पान झटकन उघडलं आणि बाकी काहीच उघडत नसेल, तर घरातला भाग ठीक आहे, अडचण राउटरच्या पलीकडं, तारेत किंवा कंपनीकडं. हे पानच उघडायला रडत असेल, तर कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही, अडचण घरातच आहे. आईच्या बाजेवर बसून हे पान उघडलं तेव्हा अर्धं येऊन थांबलं. त्या दिवशी पहिल्यांदा माझी नजर तक्रार क्रमांकावरून घराकडं वळली.

मग आईला एक काम दिलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती दुधाचा हिशोब लिहिते, त्याच चौकोनात नेट गेल्याची वेळ लिहायला सांगितली. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं. दुपारी १ ते ५ मधे रोज चार-पाच नोंदी. सकाळी एकही नाही. आणि रात्री ८च्या आसपास अधूनमधून एखादी, त्यापुढं तिनं लिहिलेलं, "सगळ्यांचंच गेलं". ही शेवटची नोंद सोन्यासारखी निघाली, कारण दुपारी फक्त तिचं जायचं आणि रात्री सगळ्यांचं. याचा अर्थ आमच्याकडं दुखणी दोन होती आणि आम्ही त्यांना एकच समजून चाललो होतो.

दुपारचं दुखणं कुलरचं. सिग्नल मोजणारी फुकट ॲपं मिळतात, वाय-फाय ॲनालायझर म्हणून शोधा. आकडा उण्यात येतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५०च्या आसपास म्हणजे उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल निभतो, उणे ७५च्या खाली घसरलं की रडगाणं सुरू. कुलर दारात असताना बाजेवर उणे ७९. मी आणि पोरीनं मिळून कुलर तेवढ्यापुरता अंगणात सरकवला, तर त्याच जागी उणे ६४. पंधराच आकड्यांचा फरक वाटतो, पण या मापात दर दहाला दहापट होते. पंधरा म्हणजे जवळपास तीसपट. कुलर चालू असो की बंद, आकडा तोच राहिला, कारण अडवणारा त्याचा देह होता, मोटर नव्हे.

फोनवर एक लक्षण आधीपासून दिसत होतं, ते मी वाचलंच नव्हतं. आईच्या फोनचा रोजचा दीड जीबी डेटा दुपारी तीनपर्यंत संपायचा आणि तसा मेसेज यायचा. घरी वाय-फाय असताना हिचा डेटा कोण खातं? तर फोनच. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत वाय-फाय कमजोर झालं की आपोआप मोबाईल डेटावर उडी मारायची सोय असते. कुठं तिला स्मार्ट स्विच म्हणतात, कुठं आणखी काही. वाय-फायच्या जास्तीच्या सेटिंगमध्ये सापडते. गावात टॉवरची रेंज दोन दांड्यांची. म्हणजे फोन कमजोर वाय-फाय सोडून तितक्याच कमजोर मोबाईल नेटवर जायचा, तिथं अडकायचा, मग परत यायचा. आईला दिसायचं फक्त गोल गोल फिरणं. ही सोय बंद केली. डेटा संध्याकाळपर्यंत टिकायला लागला आणि निदान कुठं तुटतं ते सरळ दिसायला लागलं.

राउटर ओसरीतून काढून माजघराच्या दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीच्या वर लाकडी फळीवर ठेवला. त्यासाठी फायबरची लांब पॅचकॉर्ड लागते, ती कंपनीच्या माणसाकडूनच घ्या. ही तार काचेची असते. खिळ्याला विजेच्या वायरसारखी करकचून गुंडाळली की आतला प्रकाश वळणावर सांडतो. वेटोळं हाताच्या पंज्याएवढं तरी मोठं ठेवा. आणि सुटलेल्या टोकात डोळा घालून "लाइट येतो का" असं पाहू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

राउटर उंचावर ठेवायचा म्हणतात म्हणून काही जण थेट टिनाखाली टांगतात. आपल्याकडं ते चालणार नाही. घरगुती राउटरच्या डब्यावर किंवा पुस्तिकेत चालण्याचं तापमान साधारण ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात वर्धा-चंद्रपूर-अकोल्याकडं बाहेर सावलीतच ४५ जातं, टिनाखालच्या माळ्यावर त्याहून किती, ते हात लावून पाहा. तापलेला राउटर आधी मंद होतो, मग गोठतो, बंद करून चालू केला की तासभर चांगला वागतो आणि परत तेच. शेजारच्या काकाजींचा असाच होता. त्यावर धूळ बसू नये म्हणून काकूंनी क्रोशाचं झाकण विणून घातलेलं. झाकण काढायला सांगताना मला जरा जड गेलं, पण अर्धा ताप त्यानंच उतरला.

आता रात्री आठचं दुखणं. त्या वेळी राउटरचे सगळे दिवे एकदम विझून परत लागायचे. फायबरचा डबा पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो, तेवढा वेळ घर नेटशिवाय. लाइन जात नव्हती, बल्ब चालूच असायचा. सगळ्यांनी मला सांगितलं, "होल्टेज उतरते संध्याकाळी, डीपीवर लोड हाये." ते खरं आहे, पण अॅडॅप्टरवर बारीक अक्षरांत "१०० ते २४०" लिहिलेलं असतं, म्हणजे व्होल्टेज बरंच उतरलं तरी तो तग धरतो. टॉर्च मारून मी ती चिठ्ठी वाचली तेव्हा खालची ओळ दिसली : १२ व्होल्ट, ०.५ अँपिअर. राउटरच्या पोटावर मात्र १२ व्होल्ट, १ अँपिअर. मग आठवलं. मागच्या पावसाळ्यात विजेच्या कडकडाटात मूळ अॅडॅप्टर गेला होता आणि मीच जुन्या सेटटॉप बॉक्सचा काढून लावला होता. पिन बसली, दिवे लागले, विषय संपला असं वाटलं होतं. दिवसा दोन फोन असताना तो कसाबसा पुरायचा. रात्री टीव्ही, पोरीचा क्लास, तीन फोन एकत्र आले की राउटरची भूक वाढायची आणि तो कोसळायचा. अॅडॅप्टर हातात घेतला तर चहाच्या कपासारखा गरम.

बदली अॅडॅप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. पिनीचं माप आणि मधलं टोक धन की ऋण याचं छोटं चित्रही जुळवून घ्या. आणि त्याच बोर्डावर कुलरची पिन असेल तर वेगळी करा. आमच्या बोर्डाचं भोक सैल होतं, पंप थरथरला की राउटरची पिनही हलायची. क्षणाचा खंड बल्बला कळत नाही, राउटरला कळतो.

लाइन खरंच जात असेल, आणि ती जातेच, तर घरात इन्व्हर्टर असूनही तो बदल होताना राउटर एकदा बसू शकतो. १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, मिळतो, राउटर आणि अॅडॅप्टर यांच्या मधे लागतो. पोरांचे क्लास किंवा बँकेचं काम घरून असेल तर माझ्या मते राउटर बदलण्याआधी हा घ्यावा.

एवढं करूनही पोरीच्या फोनवर एक खोड उरली. राउटरजवळ भन्नाट स्पीड, आतल्या खोलीत गेली की तुटायचं, आणि आईचा जुना फोन तिथं नीट चालायचा! राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचची पट्टी वेगवान पण नाजूक, मातीच्या भिंतीपुढं ती हात टेकते. २.४ची सावकाश पण लांब जाणारी. आईच्या फोनला पाचची पट्टी येतच नाही, म्हणून तिचं बरं चाललं होतं. पोरीचा फोन पाचला चिकटून आत जायचा आणि भिंतीपलीकडं लटकायचा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर फोन स्वतः निवडतो, आणि निवड नेहमी शहाणी असतेच असं नाही. राउटरच्या पानावर जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली. आता आतल्या खोलीच्या फोनांना फक्त २.४चा पासवर्ड माहीत आहे.

तिथंच आहात तर २.४चा चॅनल १, ६ किंवा ११ करून ठेवा, हे तीन एकमेकांच्या पायात येत नाहीत. गावात चार घरं सोडून एखादा राउटर असेल तर यानं फार फरक पडणार नाही. बाजारपेठेच्या गल्लीत राहत असाल तर पडेल. आणखी एक, ब्लूटूथही याच २.४वर चालतं. कानात ब्लूटूथचं बोंडूक घातल्यावरच व्हिडिओ अडखळत असेल तर त्याला एकदा बाजूला ठेवून पाहा.

आता फोन. बाकी सगळे फोन त्याच जागी चालतात आणि एकच रुसतो, तरच इकडं या. आधी फोन बंद करून चालू करा. मग त्या वाय-फायवर जाऊन "फर्गेट" करा आणि पासवर्ड नव्यानं टाका. राउटरचा पासवर्ड बदलल्यावर किंवा राउटरच बदलून नाव तेच ठेवल्यावर हा त्रास हमखास होतो. "नो इंटरनेट" एकाच फोनवर येत असेल तर तारीख-वेळ तपासा, ती आपोआप वर ठेवा. तारीख चुकली की फोन सुरक्षित संकेतस्थळं उघडायला नकार देतो. मग फोनच्या नेटवर्क सेटिंगमधलं "प्रायव्हेट डीएनएस" पाहा. जाहिराती बंद करायला कोणीतरी तिथं काही टाकून दिलेलं असतं, ते ऑटोमॅटिक करा. पोरांनी घातलेलं व्हीपीएन (नेट दुसऱ्याच वाटेनं फिरवणारं ॲप) असेल तर काढा. स्क्रीन बंद झाली की नेट जातं आणि हातात घेतलं की येतं, असं असेल तर बॅटरी सेव्हर बंद करून पाहा.

राउटरमध्ये ठरावीक फोनांनाच परवानगी दिली असेल, तर एक भानगड लक्षात ठेवा. अँड्रॉइड १०पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४पासून फोन वाय-फायला आपला खरा ओळखक्रमांक (याला मॅक म्हणतात) न देता बनावट देतो. फर्गेट करून जोडलं की तो कधी बदलूही शकतो, आणि राउटर त्याला परका समजून बाहेर उभा करतो. घरच्या वाय-फायपुरतं त्या सेटिंगमध्ये "फोनचा मॅक" निवडा.

"रिसेट नेटवर्क सेटिंग्ज" हे बटण शेवटचं. त्यानं साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात. फोटो, नंबर जात नाहीत. आईनं मात्र त्या आधी मला तीनदा विचारलं, "माहे भजनाचे व्हिडिओ त नाही ना जाणार?"

राहिली बाहेरची तार. डब्यावर "लॉस" लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाशच येत नाही, घरात काही करण्यासारखं नाही. आमच्याकडं याचे गुन्हेगार ठरलेले आहेत : तारेवर झोके घेणारी माकडं, टोकाशी दात घासणाऱ्या खारी आणि कडब्याची उंच भरलेली गाडी. फोन करताना "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका, "लॉसचा दिवा लाल आहे" सांगा. मग फोन पलीकडचा माणूस राउटर बंद-चालू करायला लावून तुमचा अर्धा तास खात नाही. दिवा हिरवा असून पावसावाऱ्यात तुटत असेल तर येणाऱ्या माणसाला प्रकाशाची ताकद मोजायला सांगा. हाही आकडा उण्यात येतो. उणे २०च्या आसपास निवांत, उणे २७ म्हणजे कड्यावर उभं. तिथं जोडणी साफ करून किंवा नवी काढून फरक पडतो.

गोठ्यात नेट हवं हा माझा हट्ट अजून बाकी होता, गाय व्यायला आली की रात्री तिथंच बसावं लागतं. सिग्नल वाढवणारा स्वस्त रिपीटर आणला होता, पण तो मिळालेला स्पीडच जवळपास अर्धा करून पुढं देतो. शेवटी जुना राउटर बाहेर काढला. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, त्यातलं डीएचसीपी (फोनांना पत्ते वाटून द्यायची सोय) बंद केलं आणि घरच्या राउटरपासून साधी लॅन केबल नेऊन त्याच्या लॅनच्या भोकात लावली, वॅनच्या नाही. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, आमचा गोठा पस्तीसवर आहे. केबल पाइपातून नेली, नाहीतर उंदरांना काय. फक्त ती तांब्याची आहे, फायबरसारखी काचेची नाही, म्हणून आभाळात गडगडायला लागलं की पोरगी धावत जाऊन दोन्ही टोकं उपसून ठेवते.